कृष्णेची चढण आणि अहिराच्या कानातला खडा

उंब्रजच्या संगमावरून पश्चिमेकडे सरळ रेघ ओढली, तर अरबी समुद्र शंभर किलोमीटरांच्या आतच लागतो. पण कृष्णेचं पाणी त्या वाटेला जातच नाही. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली ही नदी जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवते, वाईवरून, माहुलीवरून खाली येते, उंब्रजला तारळीला पोटात घेते, कऱ्हाडला कोयनेला भेटते, सांगली ओलांडून कर्नाटकात शिरते आणि तेलंगण-आंध्र पार करून बंगालच्या उपसागराला मिळते. तिची सगळी लांबी साधारण १,४०० किलोमीटर. उंब्रजपासून मोजलं तरी समुद्र बाराशे किलोमीटरांहून लांब.

उंब्रजची ओळख रस्त्यांची आहे. पुणे-बंगळूर महामार्ग गावाला लागून जातो, चाफळला जाणारे इथून वळतात, पालच्या खंडोबाच्या पौषातल्या यात्रेची गर्दी याच बाजूने येते, समर्थांच्या अकरा मारुतींतला एक मारुती गावातच आहे. पण इथली सगळ्यांत जुनी वाट पाण्याखालून जाते. ती माशांची वाट आहे. गेल्या पावणेदोनशे वर्षांत ती तुकड्यातुकड्याने तुटत गेली, आणि त्या तुटण्याची नोंद कुठल्याही दप्तरात सलग सापडत नाही. सापडलीच तर ती माशाच्या डोक्यात, कानाच्या पोकळीत बसलेल्या तांदळाच्या कणीएवढ्या खड्यात सापडेल.

कृष्णाकाठच्या माणसाला माशांच्या या प्रवासाची जाण आधीपासून आहे. ‘चढणीचे मासे’ हा शब्द सातारा-सांगली-कोल्हापूरच्या कुठल्याही गावात समजावून सांगावा लागत नाही. मृगाचा पहिला जोरकस पाऊस झाला, ओढ्यांना तांबडं-गढूळ नवं पाणी आलं, की नदीतले मासे त्या पाण्याच्या तोंडावर उलटे चढू लागतात. पोटात गाभोळी भरलेली असते. डोहात अंडी घालून भागत नाही, कारण तिथे पिल्लांना खायला थोडं आणि पिल्लांना खाणारे फार. ओढ्यांच्या उथळ, नव्याने भिजलेल्या काठांवर गवताच्या बुडख्यांत, भाताच्या खाचरांत, वाळू-गोट्यांच्या धावत्या पाण्यात अंडी सुरक्षित राहतात आणि पिल्लांना कीटक-शेवाळाची रेलचेल मिळते. म्हणून हा दरवर्षीचा आटापिटा. आणि म्हणूनच त्या दोन-चार रात्री बत्ती, टोपली, काठी, फाटकी साडी असं हाताला लागेल ते घेऊन अख्खं गाव ओढ्यावर. एरवी मासेमारी भोयांची. चढणीच्या रात्री मात्र ती सगळ्यांची.

हा उत्सव माशांना महागात पडतो, हे सांगायला हवं. अंड्यांवर आलेली मादी पकडली की पुढचा सगळा जथाच पकडला जातो. गेळफळ किंवा हिंगणबेटाची फळं ठेचून, निवडुंगाचा चीक कालवून डोह गुंगवण्याच्या रीती तर दख्खनभर होत्या. नंतर सुरुंगाची दारू आली. १८९७ साली हिंदुस्थान सरकारने मत्स्यव्यवसायाचा कायदा केला, तो मुख्यतः पाण्यात स्फोट करण्यावर आणि विष घालण्यावर बंदी आणणारा होता. कायदा करावा लागला, यावरूनच ती चाल किती पसरली होती ते कळतं. तरीही शेकडो वर्षं चढणीचे मासे खाऊन नदी रिती झाली नव्हती. लोक चार रात्री धरत, मासे पंधरा रात्री चढत, आणि वाट मोकळी असे.

तारळीसारख्या उपनद्यांचं महत्त्व इथेच आहे. खडस, म्हणजे दख्खनचा महसीर, याला गाळाचा डोह अंडी घालायला चालत नाही. त्याला स्वच्छ, थंड, प्राणवायूने भरलेलं, गोट्यांवरून खळाळणारं पाणी लागतं. डोंगरातून उतरणारी तारळी नेमकी तशी होती. मोठी नदी राहायला आणि छोटी नदी बाळंतपणाला, असा खडसाचा संसार. या माशाचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा केलं ते कर्नल विल्यम हेन्री साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने. १८२४ ते १८३१ या काळात तो मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर फिरला. पिकं, लोकसंख्या, पाऊस, पक्षी, प्राणी, जे दिसेल ते त्याने मोजलं आणि लिहिलं. दख्खनच्या ४६ जातींच्या माशांवरचा त्याचा निबंध १८३९च्या सुमारास लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेतर्फे प्रसिद्ध झाला. त्यात त्याने भोयांच्या तोंडची मराठी नावं जशीच्या तशी लॅटिन नावांत बसवली. कोळशी माशाचं ‘कोलस’, नकट्याचं ‘नुक्टा’, खडसाचं ‘खुद्री’ ही नावं आजही जगभरच्या शास्त्रग्रंथांत तशीच आहेत. सातारा त्या वेळी छत्रपतींचं संस्थान असल्यामुळे साइक्सचं काम मुख्यतः पुण्याच्या बाजूला, मुळा-मुठा आणि भीमेच्या खोऱ्यात झालं. पण भीमा शेवटी कृष्णेलाच मिळते. मासे एकाच घराण्यातले.

त्याच निबंधात एका सापासारख्या लांब माशाला साइक्सने मुंबईचे माजी गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचं नाव दिलं. पुढे तो मासा वेगळी जात नसून ‘अँग्विला बेंगालेन्सिस’ हीच आधी ठाऊक असलेली जात आहे असं ठरलं. मराठीत तो अहीर.

अहिराला पुष्कळ लोक वाम समजतात. दोघंही लांबट, दोघंही निसरडे, दोघंही दगडांच्या कपारीत राहणारे. पण वामीच्या पाठीवर काट्यांची रांग असते, अहिराची पाठ गुळगुळीत आणि तिच्यावरून शेपटीपर्यंत सलग पर गेलेला. खरा फरक मात्र दोघांच्या आयुष्यात आहे. वाम नदीत जन्मते, नदीतच मरते. अहीर जन्मतो समुद्रात. पुण्याच्या मुळा-मुठेत साइक्सला दिसलेला अहीर हा बंगालच्या उपसागरातून, कृष्णेच्या मुखातून आत शिरून, भीमेच्या वाटेने हजारावर किलोमीटर चढून आलेला प्राणी होता. उंब्रजच्या कपारीत शिरलेल्या अहिराचा प्रवास तेवढाच लांबचा.

साइक्सला हे माहीत असणं शक्य नव्हतं. अहीर ज्या कुळातला, त्या ईल माशांचा जन्म कुठे होतो हा युरोपलाच न सुटलेला प्रश्न होता. योहानेस श्मिट या डॅनिश शास्त्रज्ञाने सुमारे दोन दशकं अटलांटिक महासागर जाळ्यांनी चाळला, लहानात लहान पिल्लं कुठे मिळतात याचा माग काढत गेला आणि १९२२ साली युरोपच्या ईलचं जन्मस्थान सारगासो समुद्र असल्याचं मांडलं. हिंदी महासागरातल्या ईलची चिमुकली, पानाच्या आकाराची पारदर्शक पिल्लं सुमात्राच्या पश्चिमेकडच्या खोल पाण्यात मिळाली आहेत, आणि अहिराचं माहेरही त्याच बाजूला असावं असं मानलं जातं. प्रवाहाबरोबर वाहत ती किनाऱ्याला लागतात, काचेसारख्या दोऱ्याएवढ्या ईल होऊन नदीच्या मुखात शिरतात आणि चढू लागतात. नदीत वर्षानुवर्षं वाढतात. मग एका पावसाळ्यात अंगावर रुपेरी झाक येते, डोळे मोठे होतात, खाणं सुटतं, आणि पुराच्या पाण्याबरोबर परत समुद्राकडे. तिथे एकदाच अंडी, आणि शेवट. ईलच्या कुळात नदीच्या वरच्या अंगाला जाऊन राहणाऱ्यांत माद्यांचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याशी पोचणारे अहीर मोजके असले, तरी पुढच्या पिढीची अंडी बरीचशी त्यांच्याच पोटात.

आता या वाटेवर काय काय उभं राहिलं ते पाहायचं तर समुद्राकडून निघावं लागतं.

पहिला बांध विजयवाड्याला. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात पाटाचं पाणी नेण्यासाठी १८५२ ते १८५५ या काळात तेव्हाच्या बेझवाड्याजवळ नदीवर आडवा बंधारा घातला गेला. दुष्काळाने पोळलेल्या मुलखाला त्याने भात दिला, हे खरं. पण समुद्रातून चढणाऱ्या हिल्शा माशाची वाट तिथेच अडली. मद्रास इलाख्यात लष्करी डॉक्टर असलेल्या फ्रान्सिस डे याने १८७३ साली हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्याच्या मासेमारीवर सरकारला मोठा अहवाल दिला. त्यात अशा बंधाऱ्यांनी माशांची चढण तोडली आहे आणि माशांना जायला त्यांत वाटा ठेवायला हव्यात, हा मुद्दा त्याने वारंवार मांडला. त्या जुन्या बंधाऱ्याच्या जागी १९५७ साली प्रकाशम बराज आला.

दुसरा बांध उंब्रजच्या अंगणातच आला म्हणायचा. १८४८ साली सातारा संस्थान खालसा झालं, आणि पुढच्या दोन दशकांत इंग्रजांनी कऱ्हाडच्या थोडं वर, खोडशीला, कृष्णेवर दगडी बंधारा बांधून कृष्णा कालवा काढला. वाळवा-तासगावच्या शिवारांना पाणी देणारा हा कालवा महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या आधुनिक पाटबंधाऱ्यांपैकी एक. १८६०च्या दशकातलं हे काम आजही चालू आहे. कऱ्हाडहून उंब्रजकडे चढणाऱ्या माशाला गेली दीडशे वर्षं खोडशी ओलांडल्याशिवाय तारळीचं तोंड दिसलेलं नाही.

खोडशीने वाट पूर्ण बंद केली असं मात्र म्हणता येत नाही. असे बुटके बंधारे मोठ्या पुरात बुडून जातात. वरचं-खालचं पाणी जवळपास एका पातळीला येतं आणि मासे बांधावरून आरपार होतात. अहिराची पिल्लं तर ओल्या दगडाला चिकटत उभा बांधही चढतात. अडचण वेळेची असते. मासे चढणीला लागतात ते पहिल्या पावसात, आणि बंधारा बुडतो तो बऱ्याच पुढे, श्रावणाच्या आसपास, भर पुरात. मधल्या आठवड्यांत बांधाच्या पायथ्याशी मासे साचून राहतात आणि तिथे जाळी टाकायला कुणाला सांगावं लागत नाही. एका बांधाने नदी मारली नाही, पण तिचं वेळापत्रक बिघडवलं.

त्यानंतरचे बांध बुडणारे नव्हते. १९६०च्या दशकात नागार्जुनसागर, १२४ मीटर उंच. १९८०च्या दशकात श्रीशैलम, १४५ मीटर. नारायणपूर, जुराळा, आलमट्टी. वरच्या अंगाला कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, आणि उंब्रजच्या डोक्यावर तारळी. शिवाय गावोगावचे कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे, ज्यांच्या फळ्या पावसाळा संपता संपता बसतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी निघतात. कोयनेचं तर पाणीच उलटं वळवलं गेलं. शिवसागर जलाशयातून बोगद्यांनी सह्याद्रीखाली उतरून, पोफळीला वीज करून ते वाशिष्ठीत आणि शेवटी अरबी समुद्रात जातं. बंगालच्या उपसागराकडे निघालेल्या रुपेरी अहिराने पाण्याचा ओघ धरला, तर तो ओघ त्याला जनित्राच्या पात्यांकडे नेतो.

हे सगळे नकाशावरचे तर्क झाले. एखाद्या माशाने प्रत्यक्षात काय केलं, हे कसं कळावं? माशाला खुणेचा बिल्ला लावून सोडला, तर तो परत कुणाच्या तरी हाती लागायला हवा. आवाज करणारं यंत्र त्याच्या पोटात बसवलं, तर नदीभर ऐकणारी यंत्रं हवीत. आणि या दोन्ही उपायांनी फक्त आजचं कळतं, मागचं नाही. मागचं सांगणारी गोष्ट माशाच्या कानात असते.

हाडाच्या माशाच्या अंतर्कर्णात खड्यांच्या तीन जोड्या असतात. तोल सांभाळायला आणि ऐकायला त्या उपयोगी पडतात. खडा असतो कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे शंख-शिंपल्यांच्याच मालाचा. कोकणात ढोमा किंवा घोळ साफ करणाऱ्या बाईला हा खडा दाखवावा लागत नाही. त्या माशांत तो चांगला मोठा, चिनी मातीसारखा चकचकीत असतो. जन्माआधीपासून तो रोज एक पातळ थर चढवत वाढतो. उपासमार झाली तर शरीर हाडांतला, खवल्यांतला माल परत वापरतं, पण कानातल्या खड्याला हात लावत नाही. एकदा बसलेला थर बसला. १८९९ साली योहानेस राइबिश या जर्मन संशोधकाने अशा खड्यांतल्या वर्षाच्या कड्या मोजून माशाचं वय काढलं, आणि १९७१ साली जॉर्जो पानेला यांनी त्याच्याही आत रोजच्या कड्या दाखवल्या.

वयाच्या पुढची पायरी रसायनाची. पाणी कल्ल्यांतून रक्तात जातं, रक्तातून कानातल्या द्रवात, आणि तिथून थराबरोबर खड्यात. कॅल्शियमच्या जागी अधूनमधून स्ट्रॉन्शियम आणि बेरियम हे त्याचे भाऊबंद बसतात. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम भरपूर, नदीत बेतात. बेरियमचं साधारण उलटं. त्यामुळे खड्याच्या कुठल्या थरात कॅल्शियमच्या तुलनेत स्ट्रॉन्शियम किती आहे हे मोजलं, की त्या दिवसांत मासा खाऱ्या पाण्यात होता की गोड्या, ते कळतं. ईलच्या खड्यात समुद्रातल्या काळाचं हे प्रमाण गोड्या पाण्यातल्यापेक्षा दुप्पट-तिप्पट भरतं.

काम नाजूक आहे. अहिराचं डोकं वरून उघडायचं, मेंदूच्या मागच्या-खालच्या अंगाला दोन्ही बाजूंच्या पोकळ्या शोधायच्या आणि बारीक चिमट्याने दोन पांढरे कण अलगद उचलायचे. हातभर लांब माशातले हे कण जेमतेम काही मिलिमीटरचे. त्यांना चिकटलेला पडदा धुऊन काढायचा, वाळवायचे, पारदर्शक राळेत बसवायचे आणि अतिबारीक पॉलिश कागदावर घासत जायचं, नेमका मधला जन्मबिंदू उघडा पडेपर्यंत. जरा जास्त घासलं की जन्मच घासला जातो, म्हणून दर काही फेऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. मग मध्यापासून कडेपर्यंत लेझरचा किरण ओळीने चालवायचा. केसाच्या जाडीहून लहान खड्डे पडत जातात, त्यांतून उडालेली धूळ वायूबरोबर वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात जाते, आणि पडद्यावर एक वेडीवाकडी रेघ उमटते. डावीकडे जन्म, उजवीकडे जाळ्यात सापडल्याचा दिवस.

खडसासारख्या, कार्प कुळातल्या माशांत आणखी एक पेच असतो. त्यांच्या तीन जोड्यांपैकी एक सुईसारखी बारीक. दुसरी आकाराने मोठी, पण तिचा स्फटिक वेगळ्या घडणीचा, स्ट्रॉन्शियम फारसा न घेणारा. मोठी आहे म्हणून तीच उचलली, तर नोंद कोरी निघते. कामाची ठरते ती तिसरी, छोटी जोडी.

या रेघेने शास्त्रज्ञांचे पक्के समज मोडले आहेत. ईल समुद्रात जन्मते आणि नदीत वाढते, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य होतं. १९९८ साली कात्सुमी त्सुकामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्रात पकडलेल्या ईलचे खडे तपासले, तर त्यांतल्या काहींच्या आयुष्यात गोड्या पाण्याची खूणच नव्हती. नदीत शिरणं त्या कुळात सक्तीचं नाही, हे तेव्हा कळलं. बांगलादेशच्या हिल्शाचे खडे डेव्हिड मिल्टन आणि सायमन चेनरी यांनी २००३च्या सुमारास स्ट्रॉन्शियमवरूनच वाचले आणि नदी-समुद्राच्या फेऱ्यांचा माग काढला. अ‍ॅमेझॉनमधल्या दोरादा या मोठ्या मांजरमाशाची गोष्ट तर कृष्णाकाठच्या माणसाने मुद्दाम ऐकावी. अँडीज पर्वताच्या पायथ्याशी जन्मलेलं पिल्लू हजारो किलोमीटर वाहत अटलांटिकच्या खाडीपर्यंत जातं, तिथे वाढतं आणि मोठं झाल्यावर बहुतेकदा स्वतःच्या जन्मनदीकडेच परततं, हे त्याच्या कानातल्या स्ट्रॉन्शियमने दाखवलं. त्याच्या एका मोठ्या वाटेवर, मदैरा नदीवर, गेल्या दशकात दोन धरणं उभी राहिली.

दोरादासाठी वापरलं गेलेलं हत्यार थोडं वेगळं होतं, आणि कृष्णेला तेच जास्त जुळेल. स्ट्रॉन्शियमचे दोन समस्थानिक, ८७ आणि ८६ वजनाचे. त्यांचं एकमेकांशी प्रमाण नदीखालच्या खडकावर ठरतं, आणि माशाच्या शरीरातून जाताना ते बदलत नाही. महाबळेश्वर-सातारा भागातला काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात हे प्रमाण ०.७०४ ते ०.७०६च्या घरात. आजच्या समुद्राचं ०.७०९२. रायचूरकडे नदी लाव्हाचा मुलूख मागे टाकून अब्जावधी वर्षांच्या जुन्या ग्रॅनाइट-नाइस खडकांवर येते, तिथे आकडा ०.७१च्या वर सरकतो. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी दख्खनच्या नद्यांतलं स्ट्रॉन्शियम मोजून २००६ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. कृष्णा-भीमेचं खोरं त्यात आहे. म्हणजे रसायनाचा नकाशा काढायला लागणारा पाया मराठी मुलखात घातला गेला आहे.

या नकाशावर उंब्रजचा एखादा अहीर कसा वाचला जाईल? मध्याजवळ स्ट्रॉन्शियम-कॅल्शियमच्या प्रमाणात समुद्राची उंच रेघ. मग खारं पाणी सुटल्याची घसरण. मग समस्थानिकांत आंध्र-तेलंगणच्या जुन्या खडकांचा काळ, ०.७१च्या वरचा. आणि शेवटी काळ्या पाषाणाचा लांब, सपाट पट्टा, इथल्या कपारीत घालवलेल्या वर्षांचा. प्रत्येक टप्प्याच्या कड्या मोजल्या की श्रीशैलमच्या पायथ्याशी तो किती रखडला आणि काळ्या पाषाणात किती वर्षांचा असताना पोचला, तेही निघेल.

या रीतीला मर्यादा आहेत. नदीच्या पाण्यात पावसाचा आणि मातीतल्या चुनखडी कंकराचाही वाटा असतो, त्यामुळे वरच्या कृष्णेचा आकडा निव्वळ खडकापेक्षा वर आणि समुद्राच्या जवळ सरकतो. म्हणून एका मापावर भिस्त ठेवून चालत नाही. स्ट्रॉन्शियम-कॅल्शियमचं प्रमाण, बेरियम आणि समस्थानिक ही तिन्ही मापं शेजारी ठेवून वाचावी लागतात. शिवाय तारळी आणि कृष्णा दोन्ही एकाच लाव्हातून वाहतात. खडस संगमावरून तारळीत किती वर गेला, हे सांगण्याइतका फरक केवळ स्ट्रॉन्शियममध्ये मिळेलच असं नाही. तिथे मँगनीजसारख्या बारीक खुणा कामी येतात. पाण्यातला प्राणवायू संपला की तळाच्या गाळातून मँगनीज सुटतं आणि खड्यात उतरतं. उन्हाळ्याच्या तोंडावर सांगलीच्या बाजूला कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या अलीकडे वारंवार येतात, २०२३ सालीही आल्या. अशा पाण्यातून जिवंत निसटलेल्या माशाच्या कानात त्या दिवसांची खूण राहू शकते. कुणी तपासायचं ठरवलं, तर साक्षीदार आहे.

पाळीव आणि रानटी माशांतला फरकही याच खड्यात दिसतो. लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावावर १९७०च्या दशकापासून खडसाची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी घातलेल्या या पायावर पुढे लाखो पिल्लं देशभरच्या पाण्यात सोडली गेली. हे काम मोठंच आहे. पण नदीत सापडलेला खडस तळ्यातून सोडलेला की तारळीसारख्या ओढ्यात जन्मलेला, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. नदी स्वतः अजून मासे जन्माला घालते की नाही, हा प्रश्न त्याच्याशी बांधलेला आहे. पिल्लू कुठल्या पाण्यात वाढलं याचं उत्तर खड्याच्या मधल्या भागात असतं.

आणि जुना काळ? तोही पूर्ण हरवलेला नाही. फ्रान्सिस डेने हिंदुस्थानभर गोळा केलेले मासे लंडन, कोलकाता आणि सिडनीच्या संग्रहालयांत अजून बरण्यांत आहेत. ते दारूच्या अर्कात बुडवले गेले, ही मोठी नशिबाची गोष्ट. नंतर फॉर्मॅलिन आलं. ते मांस छान टिकवतं, पण आम्ल झाल्यावर कानातला खडा विरघळवून टाकतं. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या बरणीत जी नोंद शाबूत असण्याची शक्यता आहे, ती विसाव्या शतकातल्या बरणीत कदाचित नसेल. त्याहूनही मागे जायचं तर भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीकाठच्या इनामगावला, डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांच्या घरांजवळ मासळीची हाडं मिळाली आहेत. अशा मातीत बारीक चाळणीने शोधलं तर खडेही मिळतात. जगात इतरत्र मिळाले आहेत. बांधांच्या आधीचा अहीर किती वर्षांत दख्खनवर पोचायचा, याची तुलना तिथून करता येईल.

आज गरज आहे ती आजच्या खड्यांची. मोठा मासा विकताना डोकं बहुधा बाजूला पडतं, कुत्र्या-मांजरांना जातं. अहीर तर क्वचितच हाती लागतो. त्यासाठी तो मुद्दाम मारण्याचं काहीच कारण नाही, बाजारात आलेल्याचं डोकं पुरतं. कृष्णाकाठच्या महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे विद्यार्थी आणि नदीवरचे भोई यांनी मिळून हे करणं अवघड नाही. दोन खडे काढून कोरडे करायचे, फॉर्मॅलिनला लावायचे नाहीत, आणि कागदी पाकिटावर माशाचं नाव, लांबी, तारीख व जागा लिहायची. जागा लिहिताना ‘कृष्णा नदी’ एवढं पुरत नाही. खोडशीच्या बंधाऱ्याच्या वर की खाली, तारळीच्या तोंडाशी की संगमाच्या पल्याड, हे लिहिलं तरच पुढे लेझरखाली निघणाऱ्या रेघेचा शेवटचा बिंदू कुठल्या पाण्याशी ताडून पाहायचा ते ठरतं.